साखरपुड्याला ‘के’

आमच्या ताईची सोयरीक एका अक्षरावर मोडायला आली होती. वडिलांनी, म्हणजे नानांनी, धुळ्याच्या व्याह्यांना मोबाइलवर साखरपुड्याचं पानभर आमंत्रण धाडलं. उत्तर आलं, ‘के’.

आमच्याकडे आमंत्रणाला इतकं तुटक उत्तर म्हणजे रुसवाच. घरात कुणी जेवेना. ताई तर मान वर करेना.

शेवटी नानांनी व्याह्यांना फोन लावला. “आबा, मानपानात आमचं काही चुकलं का?”

“नई हो भाऊ. पुरं ओके कोन लिखस? आते बठ्ठा लोक ‘के’च लिखतस. मी इंग्रजी शिकी ऱ्हायनू ना. तुमनीच पोर रोज फोनवर शिकाडस.”

नानांनी ताईकडे पाहत फोन ठेवला. “साखरपुड्याआधीच शिकवणी?”

ताई पानं वाढायला उठली.