आपण बराच वेळ निष्क्रिय होता

...आणि वर मलाच म्हणतो, "सिस्टर, तुम्हाला शिकायची इच्छाच नाही!" मला? अहो, सव्वीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलीत मी! तुम्हाला सांगते, जितकी बाळं पुसून आयांच्या कुशीत दिली ना, तितक्या वेळा त्यानं टायही बांधला नसेल! टायवाला म्हणजे तो हो, मोठ्या ऑफिसातनं आलेला, ई-लर्निंगवाला. भिंतीवर चित्रं दाखवली आणि म्हणाला, "आता नर्सेसचं शिक्षण कुठंही, कधीही!" कुठंही म्हणजे कुठं? तर अख्ख्या इस्पितळात एक कॉम्प्युटर, तोही स्टोअररूममध्ये, गाद्यांच्या ढिगामागं! आणि कधीही म्हणजे? तर लाईट असेल तेव्हा! शिकायला माझी ना नाही हो, पण निदान बसायला खुर्ची द्या! सलाईनच्या खोक्यावर बसून शिकले मी.

बरं, धडा कुठला? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. चाळीस पानं, मग परीक्षा. आमच्या मेट्रनबाई म्हणाल्या, "महिनाअखेर पास झाला नाहीत तर वॉर्ड काढून घ्यावा लागेल, माझ्या हातात काही नाही." वॉर्ड काढून घेणार! माझा! बसले मुकाट्यानं. आतनं एक बाई लाडेलाडे, "नमस्कार ताऽई, चला शिकू याऽ..." आणि अडकली! तोंड उघडं, ते चक्र आपलं गरगर गरगर... एका पानाला दहा मिनिटं! शिकायला माझी ना नाही, पण माझ्या चाळीस खाटा तोवर कोण बघणार, ती ताई?

तर असं करत करत भर दुपारी एकतिसाव्या पानावर पोचले, आणि आमच्या वॉर्डातल्या मावशी धावत आल्या, "सिस्टर, चला! तीन नंबर! चादर भिजलीय सगळी!"

तीन नंबरला सकाळीच बाळंत झालेली पोरगी. ओठ पांढरेफटक. म्हणते, "सिस्टर, मला झोप येतीये..." म्हटलं, "झोपायचं नाही! नाव काय ठेवणार बाळाचं? सांग मला, बोलत राहा!" एका हातानं पोटावरनं गर्भपिशवी चोळतेय, तोंडानं मावशींना ओरडतेय, इंजेक्शन आणा, पाय धरा, डॉक्टरांना बोलवा... डॉक्टर ऑपरेशनमध्ये! पाऊण तास, तुम्हाला सांगते, माझा हात त्या पोटावरनं हलला नाही.

आणि एक कबूल करते, इथल्या इथं. त्या धड्यात एक चित्र होतं, भिजलेले कपडे वजन करून बघा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. मावशींना म्हटलं, ठेवा ती चादर बाळाच्या वजनकाट्यावर. मला वाटलं होतं अर्धा लिटर. निघालं लिटरभर! म्हणून तर रक्ताची पिशवी वेळेवर मागवली, म्हणून ती वाचली. मेलं चित्र खरं होतं! तेच जास्त झोंबलं.

खाली स्टोअररूममध्ये आले, बाहीला रक्त, आणि स्क्रीनवर काय? "आपण बराच वेळ निष्क्रिय होता. कृपया पहिल्या पानापासून सुरुवात करा."

निष्क्रिय! मी! फोन लावला टायवाल्याला. म्हटलं, "अहो, मी आत्ता वर प्रात्यक्षिक करून आले! बाई जिवंत आहे, विचारा तिला!" तर शांतपणे म्हणतो, "हो सिस्टर, पण ते सिस्टममध्ये दिसत नाही ना." शिकायला माझी ना नाही, पण दिसण्यासाठी आता बाई मरायला हवी होती का?

शेवटी सुट्टीच्या दिवशी गेले, खोक्यावर बसले, पहिल्यापासून चाळीस पानं केली आणि झाले पास. बक्षीस काय मिळालं? मेट्रनबाईंचं पत्र! "आपण उत्तीर्ण झाल्याने इतर परिचारिकांचा ई-लर्निंगचा वर्ग आपणच घ्यावा."

घेतला काल. पंचवीस जणी दाटीवाटीनं उभ्या, मी बटण दाबलं, आणि लाईट गेली. मग काय करणार? गादीवरची उशी ओढली, टेबलावर ठेवली, म्हटलं, हे पोट, ही पिशवी, लावा हात. एकेकीकडनं करून घेतलं. कुणाचा हात चुकला की धरून दाखवला. दोन तासांत पंचवीसच्या पंचवीस जणींना आलं!

आज सकाळी कॉम्प्युटर उघडून बघितलं... हजेरी शून्य. मीसुद्धा गैरहजर.