खिशातला चुरा

रक्त तपासायच्या रांगेत शिवणकाम करणारी बाई उपाशीपोटी बसली होती. शेजारी एक बसचालक आणि त्याची बायको बोलत होते. आवाज हळू होता, पण कान काही मिटून घेता येत नाहीत.

“साखर उतरली नसेल तर गाडी चालवणं सोडावं लागेल, डेपोतले साहेब म्हणालेत.”

“उतरली असेल.”

“अगं, तुला एक सांगायचंय. घरी मी फिका चहा पीत होतो, पण डेपोत गेलो की बिस्किटं खात होतो.”

“ठाऊक आहे.”

“कोणी सांगितलं?”

“तुमच्या खिशानं. गणवेश मीच धुते ना. आत चुरा असायचा.”

“मग एका शब्दानं बोलली नाहीस ती?”

“बोलले असते तर तुम्ही खिसा झटकून घरी आला असता. मला कळायचं तेही बंद झालं असतं.”

“हं.”

“महिनाभर चुरा नाही. शेंगदाण्याची सालं निघतात तेवढी.”

“भूक लागली की दाणे खातो. आणि घरी येताना दोन स्टॉप आधी उतरून चालतो.”

“तरीच चपला झिजल्यात.”

“एवढं करूनही आकडा तसाच निघाला तर?”

“तर गाडी जाईल. चालणं मात्र सोडू नका. संध्याकाळी मीही येईन बरोबर.”

आतून त्याला हाक आली. तो बाही वर सारत दारापर्यंत गेला आणि वळला.

“तुझे गुडघे दुखतात. जमेल?”

“पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाऊ.”