मापातली थरथर

कृष्णकांत : हे सगळं पिशवीत कशाला भरलंत, अमजदभाई? सोल्डरिंग आयर्न, मीटर, भिंगसुद्धा?

अमजद : घेऊन जा तू. तुझ्या रोडपालीच्या घरी ठेव, तिथंच काम कर. माझं संपलं.

दिलशाद : मोठ्यानं बोला त्यांच्याशी, कृष्णकांतभाई. हल्ली ओरडल्याशिवाय यांच्यापर्यंत काही पोचत नाही. सकाळपासून घसा फोडतेय मी.

अमजद : पोचतं सगळं. काल माझ्या पाठीमागे हळूच म्हणालीस, म्हातारा अब्बांच्या वळणावर गेला. तेही पोचलं.

दिलशाद : मग तेव्हाच बोलायचं होतंत. तुम्ही गप्प बसलात, म्हणून काळजीनं अर्धी झाले मी.

कृष्णकांत : एक मिनिट. झालंय काय ते मला नीट सांगा. आपला डबा तयार झाला, लॅपटॉपमध्ये आकड्यांत साठवलेल्या गाण्याचा आवाज करून देतोय. मी स्वतः घरी लावून ऐकलं, एकदम फर्स्ट क्लास. आणि आता तुम्ही काम सोडताय?

अमजद : त्या डब्यातून गाणं लावलं की लांब ओढलेला सूर मला थरथरताना ऐकू येतो. सावकाश, खालून कुणी हलवल्यासारखा. तुला येतो?

कृष्णकांत : नाही बुवा.

अमजद : दिलशादलाही येत नाही. मग थरथर आहे कुठं? माझ्या कानात. अब्बांचं असंच सुरू झालं होतं. म्हणायचे, मशिदीतली बांग थरथरते. आम्ही भावंडं हसायचो. पुढच्या ईदपर्यंत त्यांना ना बांग ऐकू येत होती, ना आमचं हसणं.

दिलशाद : डॉक्टरकडे चला म्हणते, तर येत नाहीत.

अमजद : डॉक्टर काय सांगणार ते मला ठाऊक आहे. ज्याला स्वतःच्या कानांचा भरवसा नाही, त्यानं लोकांना ऐकायचं यंत्र करून द्यायचं? ती बेइमानी झाली. ने पिशवी.

कृष्णकांत : पिशवी राहू द्या. गाणं थांबलं की थरथर थांबते?

अमजद : थांबते.

कृष्णकांत : आणि रेडिओवरचं गाणं? तेही थरथरतं का?

दिलशाद : रेडिओ कुठला ऐकतायत. कापड टाकून ठेवलाय त्याच्यावर. टीव्ही लावला की उठून आत जातात. बांग सुरू झाली तरी तेच, आत दार लावून बसतात; नमाजलासुद्धा ती पुरती संपल्यावर घरातून निघतात. मला वाटायचं, आळस भरलाय.

कृष्णकांत : म्हणजे डब्याशिवाय दुसरं काही ऐकलंच नाहीत तुम्ही?

अमजद : ऐकलं असतं आणि तेही थरथरलं असतं, तर? डब्यापुरतं होतं तोवर थोडी उमेद होती रे. भीती वाटली मला.

कृष्णकांत : कमाल आहे. आवाज खराब आला की आधी दुसऱ्या मशीनवर लावून बघ, हे मला तुम्हीच शिकवलंत. स्वतःवर वेळ आली तर विसरलात.

अमजद : तू तपासलास ना डबा? तूच म्हणालास, काही नॉइज नाही.

कृष्णकांत : मी गाणं बंद ठेवून तपासला, व्हॉल्यूम फुल करून. अगदी शांत. मग गाणं लावलं ते हळदीतलं, नुसता बेंजो आणि ढोल. त्यात भर म्हणून खिडकीखालून कळंबोलीचे ट्रक. त्यात मला काय डोंबल कळणार? आज गाणं नको, नुसता एक सूर लावतो. सरळ, लांबच लांब. भाभी, पंखा बंद करा जरा.

दिलशाद : केला. हे काय, भुंगा कोंडल्यासारखं?

कृष्णकांत : हाच तो सूर. बोलू नका, ऐकत राहा.

दिलशाद : अहो, हे डोलतंय.

अमजद : काय म्हणालीस?

दिलशाद : डोलतंय हे. गॅस संपत आला की ज्योत कमीजास्त होते ना, तसं.

अमजद : तुला ऐकू येतंय?

दिलशाद : येतंय. खुदाची कसम, मला येतंय.

कृष्णकांत : मलाही. अमजदभाई, तुम्ही खुर्चीत बसा आधी. दुखणं डब्याचं आहे, तुमचं नाही.

अमजद : पण मग गाणं बंद असताना का नाही थरथरत?

कृष्णकांत : रेफरन्स हलत असणार.

दिलशाद : मला कळेल असं सांगा.

कृष्णकांत : भाभी, आकड्यांचा आवाज करताना डबा आतलं एक ठरलेलं व्होल्टेज माप म्हणून वापरतो. दूधवाल्याचं माप समजा. माप स्वतःच लहानमोठं व्हायला लागलं, तर दूध कमीजास्त भरणार. पण दूध घेतलंच नाही, तर माप कितीही हलू दे, कुणाला कळतंय? मी रिकामं माप तपासत बसलो.

अमजद : दिलशाद, टॉर्च आण. त्यातले सेल काढ. सेलचं व्होल्टेज असं हलत नाही. रेफरन्सच्या जागी तेच जोडून बघू.

दिलशाद : आता का? ने म्हणत होतात ना पिशवी?

अमजद : टोमणे नंतर मार. कृष्णकांत, आयर्न काढ पिशवीतलं, गरम कर. ही वायर धर. हलवू नकोस. हां, बसला टाका. लाव सूर.

कृष्णकांत : लावला.

दिलशाद : थांबलं की हो डोलणं.

अमजद : थांबलं. पण सेल कायमचे नाही चालायचे. रेफरन्सच्या वाटेत एक रेझिस्टर आणि चांगला मोठा कपॅसिटर टाकू, ते हेलकावे गिळतील. थरथर सावकाश आहे, लहान कपॅसिटरला दाद देणार नाही.

कृष्णकांत : उद्या घेऊन येतो. ही पिशवी मात्र इथंच रिकामी करून जातो.

(बाहेर मशिदीत दुपारनंतरची बांग सुरू होते.)

दिलशाद : आज उठून आत जाऊ नका.

अमजद : नाही जात.

कृष्णकांत : कशी येतेय?

अमजद : सरळ. अगदी सरळ आहे रे. माझी टोपी दे गं, आज वेळेवर जातो.

दिलशाद : शुक्र आहे.

कृष्णकांत : काय म्हणालात, भाभी? इतक्या हळू बोललात, ऐकूच नाही आलं.

अमजद : मला आलं.