वेटोळी बारीक होईपर्यंत

हॅलो?… हॅलो, कोण?… गेशे? अगं कुठे आहेस तू?… मोठ्यानं बोल, नुसती खरखर येतेय.

हो, हो, मीच, इन्केन. मी नाही तर घरात कोण असणार? सगळं बेट लग्नाला गेलंय पलीकडे, विसरलीस का?… हं… हं… ते नंतर सांग. आधी कुठे आहेस ते सांग.

माहीत नाही म्हणजे?

थांब, थांब. रडू नकोस. रडायला लागलीस की मला एक शब्द कळत नाही. ओहोटीच्या वाळूत गळाचे किडे खणायला गेलीस ते मला ठाऊक आहे, बादली दिसली नाही जागेवर. धुकं कधी उतरलं?… आणि तेव्हापासून चालतेच आहेस?… आणि बेट लागलं नाही अजून.

नाही गं, मी कशाला घाबरू? माझा आवाज असाच आहे. थोरल्या बहिणीचा आवाज असाच असतो.

ऐक ना. बचाववाल्यांना मी मघाशीच फोन केला… हो, तू आली नाहीस तेव्हाच. निघालेत ते. पण भरती आत्ताच लागलीय, सगळं उथळ आहे. होडीला पाणी कमी आणि माणसाला जास्त, अशी वेळ आहे. त्यांच्यावर विसंबून नाही चालायचं. तुला पायांनीच यायचंय.

घंटा?… वाजवत होते ना! हात भरून येईपर्यंत वाजवली चर्चची घंटा. फोन वाजला म्हणून सोडून आले धावत… अजिबात नाही ऐकू आली?… वारा तुझ्याकडून इकडे येतोय, म्हणून. आणि तू लांब आहेस. जवळ आलीस की येईल ऐकू.

होकायंत्र आहे?… गळ्यात. बरं. काय म्हणतंय ते?… पूर्व. सारखी पूर्वेलाच चालतेयस?… गेशे, इतका वेळ पूर्वेला चालली असतीस तर एव्हाना आपल्या गोठ्यात शिरली असतीस.

नाही, तू खोटं बोलतेस असं नाही म्हणत मी… अगं, ऐक. धुक्यात काय बघतेयस? धुक्यात काही नसतं बघण्यासारखं. खाली बघ. पायाशी… वेटोळी आहेत? किड्यांनी टाकलेली वाळू?… किती जाड? दोऱ्याएवढी, सुतळीएवढी, का बोटाएवढी?… बोटाएवढी. आणि विरळ… हं.

हं म्हणजे हं… बरं, सांगते, ओरडू नकोस. तू ओहळाच्या बाजूला आहेस. खोल पाण्याच्या.

अगं, हे तुला माझ्याहून जास्त कळतं, आत्ता डोकं चालत नाहीये इतकंच. किड्यांची पिल्लं कुठे राहतात? आपल्या काठालगत, दाटीवाटीनं. वाढतात तशी खाली खाली सरकतात. सगळ्यात थोराड ते ओहळापाशी… हो, तेच. बाबा आपल्या टोप्या नाकापर्यंत ओढायचे आणि म्हणायचे, चला, वेटोळी बघत घरी. आणि दर वेळी तू जिंकायचीस. मी आपली शेजारच्या ताईन्सच्या गाईला जाऊन धडकायची… हसलीस ना? बरं झालं.

आता नीट बघून सांग. वेटोळी ताजी आहेत का? उभी, टोकदार?… उजवीकडची उभी. आणि डावीकडची?… सपाट. नुसते खळगे उरलेत?

कारण वेटोळं म्हणजे त्याचं ढुंगण, बये, ते पहिल्या लाटेबरोबर पुसलं जातं. खळगा तोंडाच्या बाजूचा, वरची वाळू गिळतो ना तिथून तो, तो खळगा जरा टिकतो. म्हणजे डावीकडून पाणी येऊन गेलंय. ओहळ तुझ्या डाव्या हाताला आहे.

हो, मग हे कसं? पूर्वेला तोंड असेल तर ओहळ पाठीशी हवा. डावीकडे आला कसा?

गेशे… दाताळं कुठे आहे तुझं?

खांद्यावर. दात पुढे?… छातीवर आलेत. आणि होकायंत्रही छातीवर.

मी काही बोलले का?… नाही बोलत. शपथ, काही नाही बोलत. तुला माहीत आहे कसं करायचं. दाताळं वाळूत रोवायचं, लांब जायचं, मग सुई बघायची. रागात होतीस, राहून गेलं… हो, मीही रागातच होते. मी दारात येऊन तुझं सामान बघायला हवं होतं, रोज बघते तसं. आज पाठ करून बसले. ते राहू दे आत्ता. रोव ते. बादलीही ठेव, तीही लोखंडीच. लांब हो… अजून लांब.

फिरली सुई?

किती?… देवा रे.

नाही, काही नाही. म्हणजे एवढा वेळ तू ओहळाच्या कडेकडेनं उत्तरेला जात होतीस. आत नाही गेलीस हे नशीब. आता सुई म्हणते तशी वळ, पूर्वेला. ओहळ पाठीशी पडला पाहिजे. पडला?… चल मग.

कशाला? दाताळ्यासाठी परत फिरू नकोस.

बाबांचं आहे ते मला माहीत आहे… हो, मूठ त्यांनी स्वतः तासलेली आहे, मी होते तिथेच. गेशे, ऐक. किडा शेपूट वर काढून वाळू टाकायला येतो आणि वरून पक्ष्याची चोच बसते. तेव्हा तो ओढाताण करत बसतो का? देऊन टाकतो तुकडा आणि जातो आत. जगतो चांगला. तू पण दे. बाबा असते तर त्यांनीच पहिली लाथ मारली असती त्या दाताळ्याला.

चाललीस?… बोलत राहा. काहीही बोल… नाहमेनला फोन केलास का?… का नाही केलास? लग्न त्याच्याशी करायचंय ना… आधी मला केलास. बरं. बरं, कळलं. पुढे बघ, पायाशी.

आता कशी आहेत?… सुतळीएवढी. सगळी उभी?… छान. बरोबर येतेयस. मोबाइलची बॅटरी किती उरलीय?… लाल. हं. या घरात दुसरा मोबाइल घेऊ घेऊ म्हणत राहिलो आपण… आहे, मी आहे. भिंतीवरच्या फोनपाशी आहे, वायरीला बांधलेल्या शेरडासारखी.

काय?

एकही नाही? वेटोळं नाही, खळगा नाही?… आणि खाली काळं आहे. कुजकट वास येतोय… गेशे, थांब. पाय पुढे टाकू नकोस.

किती गेला आत?… गुडघ्यापर्यंत. दुसरा कुठे आहे?… मागे, कोरड्यात. बरं. हिसका देऊ नकोस. ऐकतेयस ना? हिसका द्यायचा नाही. किडा राहतो तिथली वाळू तो खालीवर करतो, आतून पाणी खेळवत असतो सारखा, म्हणून ती पाय पेलते. हा काळा गाळ त्यालाही मानवत नाही. मागे बस. अगं खुशाल बस, भिजलीस तर भिजलीस. आता टाच हलव बुटात. हळू… हळू…

गेशे?

गेशे, बोल.

…

निघाला? आख्खा पाय निघाला ना?… बूट? मरू दे बूट. अगं, बुटासाठी काय रडतेस. तुझ्या नाहमेनच्या हुसूममध्ये दुकानं नाहीत होय बुटांची?

हो, म्हटलं मी. हुसूम म्हटलं. चालायला लाग. त्या काळ्याला वळसा घाल, उजवीकडून, शेवटची वेटोळी दिसली होती तिथून. त्यांच्यावरच पाय टाकत ये. मग परत पूर्वेला.

पाणी?… कुठपर्यंत?… घोट्याच्या वर. दिसत नाही आता काही खालचं… नाही, नाही, थांबायचं नाही. थांबलीस की सगळं संपलं. सुई दिसतेय ना?… मग तिच्या मागे ये. आणि अनवाणी पाय कुठला? उजवा? त्यानं चाचप. लाट नसेल तर पाण्याखाली लगेच नाही विरघळत वेटोळी. तळव्याला काय लागतंय?… गार, हो, गार तर लागणारच. अजून?… काहीच नाही?… चाल. चाचपत चाल.

मी बोलतेय, तू ऐक नुसती. चुलीवर आधण आहे. चहा करते, खडीसाखर घालून. कोळंबी उकडून ठेवलीय सकाळची, तू न जेवता गेलीस ती. सोलायची बाकी आहे. तू येऊन सोल, मला जमत नाही तुझ्यासारखी भराभर. तुझं अंथरूण… काय?… काय लागतंय?

बारीक. किती बारीक?… दोऱ्याएवढी. आणि दाट? प्रत्येक पावलाला?… गेशे, ती पिल्लं आहेत. अगं, ती पिल्लं आहेत. काठ आला तुझा.

नाही, मी रडत नाहीये.

पण अजून दिसत नाही ना काही?… नाही. आणि भरती धुक्याहून वेगानं येते, म्हणून आता मी सांगते ते शेवटपर्यंत ऐक, मध्ये बोलू नकोस. इथून पुढे किडे काही सांगणार नाहीत, इथून पुढे सगळीकडे पिल्लंच आहेत, दक्षिणेलाही आणि उत्तरेलाही. आपलं घराचं टेकाड एवढंसं. चुकलीस तर शेजारून निघून जाशील. आता तू घंटेच्या टप्प्यात आलीस. मला घंटा वाजवायला जायचंय.

हो. म्हणजे फोन ठेवावा लागणार.

माहीत आहे… माहीत आहे गं. मलाही नाही ठेवायचा. पण ही वायर घंटेपर्यंत पोचत नाही, आणि मी इथे बोलत बसले तर तुला घंटा कशी ऐकू येणार? टोपी काढ. फोन खिशात टाक. दोन्ही कान मोकळे ठेव. मी वाजवीन आणि मध्ये मध्ये थांबेन. थांबले की तू हाक मार. तुझी हाक आली की मी परत वाजवीन. आणि नाही आली तरी वाजवीन.

ऐक… आणखी एक. सकाळी मी जे बोलले ना, की गेलीस तर या घराचं दार तुला बंद… ते मी बोललेच नाही असं समज. तुला हुसूमला जायचंय तर जा. नाहमेन भला माणूस आहे, फार बोलतो एवढंच. तुझी पेटी मी बांधून देईन. होडीपर्यंत सोडायला येईन. पण इथून जा. या घरातून, कोरड्या पायांनी जा.

हो… हो. आता पुरे. पाणी वाढतंय तिकडे.

तू ठेव आधी… अगं ठेव ना. लहानपणापासून तूच आधी ठेवतेस… नाही होत?

बरं. मग मीच ठेवते.