दोन मिनिटांचं घर

दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शिलाईवाल्या मावशींना बाहेर बसवलं. गाल बधिर झालेला, डोळे मिटत आलेले. शेजारच्या बाकावर एक वडील आणि त्यांची नर्स झालेली लेक बोलत होती.

“इंग्रजीची ही परीक्षा पास झाले, की परदेशातल्या हॉस्पिटलची नोकरी पक्की, बाबा. चार भाग असतात. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं.”

“बोलण्याची कसली काळजी? जन्मल्यापासून बडबडतेयस.”

“तिथेच तर धडधडतं. समोरची बाई विषयाचं कार्ड देते. मिनिटभर विचार करायचा, मग दोन मिनिटं बोलायचं. समजा, आवडतं घर.”

“आणि खोटंच घर सांगितलंस तर?”

“चालतं. घर कोण बघायला येतंय? भाषा बघतात. फक्त मध्ये अडकायचं नाही.”

“मग बोल की. मराठीत बोल, म्हणजे मलाही कळेल.”

“माझं घर समुद्राकाठी आहे. खिडकी उघडली, की पांढरे पडदे तरंगत आत येतात...”

मावशी मिटल्या डोळ्यांनी त्या पडद्यांना निळी किनार लावू लागल्या.

“मागे बाग आहे. बागेत आरामखुर्ची आहे. खुर्चीत बाबा बसलेत.”

“एवढ्या लांब मी कसा आलो गं?”

“असं मध्ये विचारत नाहीत हो परीक्षेत.”

“बरं, राहिलं. पुढे?”

“पुढे... बाबा...”

“अडकलीस ना? मला त्या खुर्चीतून उठव, आणि पुन्हा पहिल्यापासून बोल.”