उरलेले दोघे

सूनबाई : रिंग जातेय, पण उचलत नाहीत. मामंजी, शिंपीणकाकू फोन उचलतच नाहीत!

मामंजी : आधी बस. नर्सनंच असा धीर सोडला, तर आजाऱ्यांनी कुणाच्या तोंडाकडे पाहावं? या काकू कोण, ते सांग.

सूनबाई : आमच्या घरभेटीतल्या रुग्ण. डोळे गेलेत, एकट्या राहतात. रोज सकाळी आमच्यातली कुणीतरी जाऊन इन्शुलिनची सुई देते, मगच त्या घास घेतात. आज कुणीच गेलं नाही. दुपार झाली हो!

मामंजी : न जाण्याचं कारण?

सूनबाई : कारण मी! आजपासून रुग्णांची यादी माझ्या प्रोग्रॅमनं वाटली. पाच-पाचांचे गट, प्रत्येक सिस्टरला एक. काकू कुणाच्याच गटात नाहीत. ड्रेसिंगचे आजोबाही नाहीत. त्यांनी फोन करून झापलं, म्हणून तर कळलं.

मामंजी : काकूंकडे कुणाला धाडलंस?

सूनबाई : धाकटी सिस्टर जवळ होती, ती निघालीय. तोवर मी काय नुसती हात चोळत बसू?

मामंजी : नको. तोवर चूक शोधू. उद्याची यादीही याच यंत्रातून निघायची आहे ना? गट कसे पाडलेस? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा सावकाश सांग.

सूनबाई : यादीतली नावं मोजली. त्या संख्येला पाचानं भागलं. भागाकार जितका आला, तितक्या वेळा पाच-पाच नावं उचलली.

मामंजी : आज नावं किती होती?

सूनबाई : सदतीस.

मामंजी : म्हणजे गट सात. आणि बाकी?

सूनबाई : ...दोन.

मामंजी : त्या दोघांचं काय करायचं, हे यंत्राला सांगितलं होतंस?

सूनबाई : नाही. पण मी करून पाहिलं होतं हो! घरची नि माहेरची मिळून दहा नावं घातली, झकास दोन गट पडले. तुम्हीसुद्धा शाबासकी दिलीत.

मामंजी : दिली खरी. दहाच्या आकड्यानं आपल्या दोघांनाही भुलवलं. मग हातानं वाटायचीस तेव्हा कशी चुकली नाहीस?

सूनबाई : उरलेल्यांना एखाद्या सिस्टरच्या गळ्यात घालायचे. ती कुरकुरायची, पण जायची. हे मेलं कुरकुरतही नाही.

मामंजी : शाळेत मी मुलांना रांगांत उभं करीत असे. शेवटची रांग पुरी भरलेली क्वचितच पाहिली. म्हणून त्या रांगेतल्या पोरांना काही कुणी फाटकाबाहेर काढलं नाही. एवढं तुझ्या यंत्राला समजावता येईल?

सूनबाई : येईल... भागाकार नकोच मुळी. पहिल्या नावापासून पाच-पाचांच्या ढांगा टाकत यादी संपेपर्यंत जायचं. पाऊल पडेल तिथून पाच नावं उचलायची.

मामंजी : आणि तिथं पाच नसलीच तर?

सूनबाई : असतील तेवढी देतं. थांबा, चालवून बघते... आले! आठवा गट, दोघांचा.

मामंजी : मोठ्यानं वाच.

सूनबाई : ड्रेसिंगचे आजोबा. शिंपीणकाकू... मामंजी, त्यांना काही बरंवाईट झालं असलं, तर हे दुरुस्त करून काय उपयोग?

मामंजी : फोन जवळ ठेव, पोरी. वाट पाहू.

(फोन वाजतो.)

सूनबाई : बोल गं! स्पीकरवर टाकलाय, मामंजी इथंच आहेत.

धाकटी सिस्टर : ताई, काकू बऱ्या आहेत. साखर चढलीय, पण डॉक्टरांना विचारून सुई दिली. आता जेवतायत.

सूनबाई : मग फोन का उचलत नव्हत्या?

धाकटी सिस्टर : आतल्या खोलीत होता. आपण उठलो नि तेवढ्यात सिस्टर दारातून परत गेली तर, म्हणून खुर्चीवरून हलल्याच नाहीत. ताट झाकून बसल्या होत्या.

सूनबाई : फार रागावल्या का गं?

धाकटी सिस्टर : नाही हो. म्हणाल्या, ‘मला वाटलं, अजून उजाडलंच नसेल.’