दारावरची यादी

मंडळी, जय भीम, सलाम, नमस्कार. सुट्टीच्या दिवशी सगळे कुरुमच्या या हॉलवर आलात. साइटवर दिवसभर ओरडणारा मी इंजिनीअर, भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या.

अ‍ॅलेक सर गेले. मंगळवारी, डोंगरापलीकडे अल अमेरातच्या घरी. नव्वदीला टेकले होते. आपल्यासाठी ते आपल्या शुक्रवारच्या फुटबॉल टीमचे कोच. पण त्याआधी? स्कॉटलंडमधल्या कोळसाखाणीच्या गावातला पोरगा. सतराव्या वर्षी व्यावसायिक फुटबॉलपटू झाला, बारा वर्षं डाव्या बाजूने धावला. तेव्हा बॉल चामड्याचा. भिजला की दगड. सर म्हणायचे, "हेडर मारला की बायकोचं नाव आठवायचं नाही." आणि जीन मॅडमकडे बघून हसायचे. मग गुडघा गेला. ट्रेनर म्हणून ओमानला आले आणि इथलेच झाले.

सरांची एक पद्धत होती. टीम जाहीर करण्याआधी, जो खेळणार नाही त्याला गाठायचे. एकट्याला. नजरेला नजर देऊन सांगायचे, "आज तू नाहीस. कारण हे." सलीमभाई, तुम्ही तर तीन शुक्रवार रुसला होतात!

मी एकदा म्हटलं, सर, एवढं कशाला? यादी ग्रुपवर टाका, खलास. तर म्हणाले, "आमची कप फायनल होती. आईवडील गावाहून बघायला आलेले. यादी ड्रेसिंग रूमच्या दारावर चिकटवली होती. माझं नाव नव्हतं. मॅनेजर समोरून गेला, बोलला नाही. हरलेल्या मॅच विसरलो. ते दार विसरलो नाही."

हे ऐकूनही मी काय केलं, मंडळी?

गेल्या वर्षी सर नावं विसरायला लागले. एकदा बारा जण मैदानात उतरवले. कमिटीने ठरवलं, नवा कोच आणायचा. सरांना सांगायचं काम माझं, कॅप्टनचं. मला धीर झाला नाही. मी ग्रुपवर मेसेज टाकला, "पुढच्या शुक्रवारपासून नवे कोच." खाली जोडलेले हात. सर त्याच ग्रुपमध्ये होते.

पुढच्या शुक्रवारी ते आले. रेषेबाहेर खुर्चीवर बसले. जाताना म्हणाले, "टीम चांगली निवडलीस." बस, एवढंच. मी रोज ठरवायचो, जाऊन माफी मागायची. उद्या, इन्शाल्ला. इथून अमेरात ते किती लांब? उद्या उद्या करत सहा महिने गेले.

समोर जीन मॅडम बसल्यात. माझी मुलगी आर्या माझं बोलणं त्यांच्या कानात इंग्रजीत सांगतेय. आत्ता ती गप्प झालीय. थांबू नकोस, बाळा. हेही सांग त्यांना. तो मेसेज बाबाने टाकला होता, सांग. बाबा घाबरला होता, सांग.

मॅडम, मी तुमच्याकडे बघूनच बोलतोय. चुकलो मी.

आपण सगळे सरांसाठी दोन मिनिटं उभे राहूया. मग तुम्ही बसून घ्या. मी अजून थोडा वेळ उभा राहीन.